ओठातलं हाड

१

पुएर्तो बेनादो गावातून एक कॅन्सर चोरीला गेला होता आणि गाव त्याबद्दल देवाचे आभार मानत होतं.

डॉक्टर एदिल्मा चारिसला ही बातमी रेडिओवर कळली. बंदराच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात ती पॅथॉलॉजी विभागाची प्रमुख होती. माणसांच्या अंगातून कापलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि वाढ साधी आहे की घातक ते सांगायचं, हे तिचं काम. अख्ख्या माणसांपेक्षा तिला हे तुकडे बरे वाटत. तुकडे थापा मारत नाहीत, असं ती तोंडावर सांगायची, आणि त्यामुळे तिला जेवायला फारसं कुणी बोलवत नसे.

रेडिओवरचा माणूस गहिवरून सांगत होता, की यादिरा पोलो या मुलीच्या ओठावरचा कॅन्सर ओलिम्पो एस्कोर्सियाच्या पवित्र पाण्याने पार नाहीसा झाला. दातांची आणि तोंडाची संतीण सांता अपोलोनिया, तिच्या सणाला मुलीला चर्चच्या पायरीवर उभं करणार होते. कॅन्सर होता याला पुरावा काय, तर खुद्द डॉक्टर चारिसबाईंची सही.

"आता माझ्या सहीवर बाटल्या विकणार का हे गाढव!" असं म्हणून एदिल्माने रेडिओ बंद केला.

तिने नोव्हेंबरात तपासलेली यादिराच्या तुकड्याची काचपट्टी परत काढली. कॅन्सर होता, त्यात शंकाच नव्हती. मग तिने मेणात उरलेल्या तुकड्यातून आणखी खोल काप काढायला लावले. ओठ म्हटला की इतक्या खोलीवर स्नायूचे धागे दिसायलाच हवेत. ते नव्हते. वरची कातडी तळव्यासारखी जाड, धुराने वर्षानुवर्षं भाजलेली. आणि अगदी बुडाशी एक बारीकशी कणी होती. ती बघून एदिल्माने भिंग बदलून परत पाहिलं.

ती कणी हाडाची होती.

ओठात हाड कुणाच्या असतं? टाळूला असतं. हा तुकडा कुणाच्या तरी टाळूचा होता, वरच्या दाताच्या जवळचा, आणि बाटलीवर नाव मात्र यादिराचं होतं. चमत्कार बिमत्कार गेला चुलीत. ज्याच्या टाळूत हे वाढत होतं, ते माणूस या घटकेला कुठेतरी जेवत असेल, हसत असेल, आणि आपल्या तोंडात काय चाललंय याचा त्याला पत्ताही नसेल. तीन महिने फुकट गेले होते. अजून थोडे दिवस गेले, तर सुरी लावण्यात अर्थ उरणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचमध्ये एदिल्मा चढली. सण उद्यावर आला होता.

२

गावाच्या धक्क्याशेजारी दगडांवर बायका कपडे धूत होत्या. प्रत्येकीच्या तोंडात चिरूट होता आणि पेटलेलं टोक आत. या नदीकाठच्या बायका अशाच ओढतात. दोन्ही हात साबणात असतात, पाण्याचे शिंतोडे उडतात. विस्तव तोंडात ठेवला की विझत नाही, आणि पाठीवरच्या पोरावर राखही पडत नाही. आयांनी लेकींना शिकवलं, लेकींनी नातींना. टाळू भाजून पांढरी होते, तर ती सगळ्यांचीच होते, म्हणून कुणी बघतही नाही. एदिल्माला हा सगळा प्रकार बिनडोकपणाचा कळस वाटायचा.

एक वाळकी म्हातारी बाकीच्यांपासून जरा दूर बसून धूत होती. तिच्या चिरुटाचं पेटतं टोक बाहेर होतं.

"बघा गं बघा, हिला म्हातारपणी बाप्यासारखं ओढायची हौस आलीय!" एक जाडी बाई ओरडली. "आता मिशा कधी फुटणार?"

"फुटल्या की तुझ्या नवऱ्याला पाठवून देईन, त्याला कमीच आहेत," म्हातारी म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. म्हातारीचा चिरूट पाण्याच्या शिंतोड्याने विझला. तिने एदिल्माच्या हातातली डॉक्टरची बॅग बघून हात पुढे केला. "डॉक्टरीणबाई, काडी आहे का?"

"नाही. आणि असती तरी दिली नसती," असं म्हणून एदिल्मा तरातरा पुढे गेली. कुणी शिवी दिली का, ते ऐकायला ती थांबली नाही.

आरोग्य केंद्रात डॉक्टर एरिबेर्तो लाकुतूर पंख्याखाली बसला होता. पांढरा तागाचा सूट, केसांना तेल, आणि टेबलावर आंबा. तो आंबा नर्स देनिस मोविया त्याला सोलून, फोडी करून देत होती. कार्निव्हलची राणी निवडायच्या पंचांत तो मुख्य होता आणि त्याबद्दलच तो बोलत होता.

"चारिसबाई! चमत्कार बघायला आलात?"

"हाड बघायला आले. यादिराचा तुकडा कुणी कापला?"

"मी. दुसरं कोण कापणार?"

"कुठून?"

"ओठातून. खालच्या." त्याने फोड तोंडात टाकली. "मात्र पाठवताना, नेताना काय झालं असेल ते मी काय सांगू? बाटली देनिसने लाँचवर दिली. आणि तो ओलिम्पो दिवसभर इथेच घुटमळत असतो. आपण शास्त्राची माणसं, आपण तरी एकमेकांवर विश्वास ठेवायला हवा, नाही का?"

देनिसच्या हातातली सुरी थबकली. एदिल्माने तिच्याकडे पाहिलं, मग आंब्याकडे पाहिलं आणि दोन्ही लक्षात ठेवलं.

३

यादिरा पोलो एकोणीस वर्षांची होती आणि आरशासमोर होती. मागे आई तिच्या झग्याला टिकल्या शिवत होती. दारात तिची दोन लहान भावंडं एकाच पेल्यातून पन्हं पीत होती.

"उद्या पायरीवर, आणि परवा राणीची निवड," आई म्हणाली. "देवाने कसं जुळवून आणलं बघा."

"देवाला दुसरी कामं नाहीत वाटतं. पोरी, इकडे उजेडात ये."

एदिल्माने अंगठ्याने तिचा खालचा ओठ उलटा केला. आतली कातडी गुळगुळीत, गुलाबी. तिने ओठ दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला, शिवणकाम तपासावं तसा.

"पूर्वी काय होतं इथे?"

"बारीक बारीक फोड. मऊ. दुखायचे नाहीत, पण दिसायचे."

"कापलं तेव्हा दुखलं?"

"नाही. म्हणजे, थोडं. डॉक्टरांनी सुई दिली होती."

"टाके किती?"

यादिराने आईकडे बघितलं. आईने टिकल्यांकडे बघितलं.

"तोंड उघडा रे," एदिल्माने दारातल्या भावंडांना फर्मावलं. दोघांनी पन्ह्याने ओले ओठ उघडले. धाकट्याच्या ओठाच्या आत तसेच मऊ फोड होते, मोठ्याच्या गालाच्या आत दोन. "हे बघा बाई, तुमच्या घरचा कॅन्सर. एका पेल्यातून पितात, एकमेकांना देतात. निरुपद्रवी वाढ आहे ही. काही महिन्यांनी आपोआप जाते. तुम्ही पाणी लावा, तेल लावा, नाहीतर नुसती वाट बघा."

"मग तुमच्या सहीच्या पत्रावर कॅन्सर कसा आला?" आईने विचारलं.

"तेच विचारतेय. यादिरा, ओठाला सुरी लागली की वण राहतो. तुझ्या ओठाला नखाएवढाही वण नाही. तुला कुणी कापलंच नाही. खोटं बोलायचं असेल तर निदान नीट बोलत जा."

यादिराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोळ्यांचा रंग पसरेल म्हणून तिने ते पुसलं नाही. "मी पाया पडले होते त्यांच्या. ओठावर टाका पडला असता तर मला राणी कुणी केलं असतं? ते म्हणाले, डोळे पूस, घरी जा, मी सांभाळतो. मग पत्र आलं. मला वाटलं, बघूनच कळलं असेल त्यांना. मी भीतीने ओलिम्पोकडे गेले."

"पत्र आल्यावर गेलीस? आधी नाही?"

"आधी कशाला जाऊ? आधी काही झालंच नव्हतं मला."

बाहेर पडताना एदिल्मा मनाशी म्हणाली, मुलगी मूर्ख आहे, पण हे शेवटचं वाक्य मात्र लाख मोलाचं बोलली.

४

ओलिम्पो एस्कोर्सियाच्या परसात बाटल्यांच्या पेट्या रचल्या होत्या. धिप्पाड माणूस, गळ्यात संतिणीचं पदक, आणि चेहऱ्यावर असा भोळा आनंद की एदिल्माला त्याला चिमटा काढावासा वाटला.

"या, या! आई, अजून एक ताट घे. डॉक्टरीणबाई आपल्याकडे जेवणार."

"मी जेवायला आले नाही, महाराज. पाण्यात काय घालता?"

"पाला, साल, थोडी उसाची दारू आणि प्रार्थना."

"दारू किती आणि प्रार्थना किती?"

तो मनापासून हसला. त्याला राग येत नव्हता, त्यामुळे तिला जास्त आला. नोव्हेंबरात यादिराची बाटली पाठवली तेव्हा तो कुठे होता, असं तिने विचारलं.

"मासे पकडत होतो! पाणी बनवायचो, पण कोण घेत होतं? पोरगी पत्र घेऊन आली तेव्हा मीच घाबरलो. बरी झाली तेव्हा मीच सगळ्यांत जास्त चकित झालो, बाई. आईशप्पथ."

आई म्हणजे धक्क्यावरची ती वाळकी म्हातारी निघाली. तिचं नाव तोमासा. तिने सगळ्यांना सान्कोचो, म्हणजे माशाचं वाफाळतं कालवण, वाढलं. स्वतःचा वाडगा मात्र खिडकीत निवत ठेवला आणि त्याकडे पाठ करून बसली.

"आईलाही रोज सकाळी चूळ भरायला देतो," ओलिम्पो अभिमानाने म्हणाला. "माझ्याच घरात पाणी नाही असं नको व्हायला."

त्याची पाठ वळताच तोमासाने आपल्या पेल्यातलं पाणी जिरेनियमच्या कुंडीत ओतलं. जिरेनियम केव्हाच वाळलं होतं. "झोंबतं," ती एदिल्माला हळूच म्हणाली. "त्याला सांगू नका. जीव आहे त्याचा त्यात."

एदिल्माने सान्कोचो संपवलं, चांगलं होतं असं म्हणण्याचे कष्ट घेतले नाहीत, आणि उठली. तिच्या डोक्यात आता एकच माणूस होता. त्याच्याकडे जायच्या आधी तिला नर्सला एक प्रश्न विचारायचा होता.

५

आरोग्य केंद्राच्या मागे देनिस दवाखान्याचे कपडे उकळत होती.

"त्या दिवशी यादिराची बाटली बंद कुणी केली?"

"त्यांनीच. झाकणावरची पट्टी स्वतः चिकटवली, नावही स्वतः लिहिलं." देनिसने चिमटा खाली ठेवला. "चार वर्षं झाली मला इथे, बाई. ते स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा बांधत नाहीत. मला वाटलं, देवाने सुबुद्धी दिली."

"आणि त्या सकाळी दवाखान्यात काय चाललं होतं?"

"दात उपटत होते. धुणाऱ्या बायकांची रांग होती."

एदिल्मा आत गेली आणि पंखा बंद केला. लाकुतूरने चमकून वर पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, ओलिम्पोवर ढकलू नका. बाटली गेली तेव्हा तो मासे पकडत होता. मुलगी त्याच्याकडे गेली ती पत्रानंतर. आधी त्याला फायदाच नव्हता. देनिसने बाटली उघडली असती तर तुमची पट्टी फाटली असती. माझ्या विभागात ती अख्खी पोचली. आणि मुलगी कधी कापलीच गेली नाही, हे दोघांनाच माहीत होतं. तिला आणि तुम्हाला. तिला राणी व्हायचंय. तुम्हाला काय व्हायचं होतं?"

लाकुतूरचा चेहरा तेलकट दिसू लागला. "तुमचाच नियम आहे ना, प्रत्येक गाठीचा तुकडा पाठवा म्हणून? नाही पाठवला तर जाब विचारता. मुलगी रडत होती. एकीचा दात काढताना टाळूचा तुकडा सैल होऊन आला होता. ताटलीत पडला होता. पांढरट, या सगळ्या बायकांचा असतो तसा. मला वाटलं, साधाच असणार. साधा म्हणून पत्र येईल आणि विषय संपेल."

"आणि कॅन्सर म्हणून आलं तेव्हा?"

तो टेबलावरचे कागद चाळू लागला.

"तीन महिने तुम्हाला ठाऊक होतं की या गावातल्या एका बाईच्या टाळूत कॅन्सर आहे. तीन महिने तुम्ही आंबे खाल्लेत. कोण ती?"

"मला माहीत नाही."

"काय?"

"नाव कुठे विचारलं होतं? धुणाऱ्या बायकांपैकी एक. तोंडं सगळ्यांची सारखीच असतात."

एदिल्माने आयुष्यात पुष्कळ हलकट माणसं पाहिली होती आणि प्रत्येकासाठी तिच्याकडे एखादा शब्द असायचा. या माणसासाठी तिला शब्द सापडेना. घाणीत पाय पडल्यावर माणूस जसा बघतो, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

मग बाहेर धक्क्यावरून बायकांचं हसणं ऐकू आलं, आणि सकाळी आपण स्वतः काय बघून काय सोडून दिलं, ते तिला उमगलं.

६

ती जवळजवळ पळतच ओलिम्पोच्या परसात शिरली. तोमासा खिडकीतलं गार कालवण चमच्याने, एका बाजूने, हळूहळू गिळत होती.

"मावशी, चिरूट कधीपासून उलटा केलात?"

"उलटा कुठे? सुलटा केला. सगळं जग असंच ओढतं ना?"

"तुम्ही जगासारख्या कधी ओढत होतात? पन्नास वर्षं विस्तव आत ठेवलात. हात ओले असताना बाहेर ठेवला की तो विझतो, हे तुम्हाला शेंबडं पोर सांगेल. तरी तुम्ही बाहेर ठेवता आणि लोकांची बोलणी खाता. गरम गिळत नाही. पाणी झोंबतं. का?"

म्हातारीने चमचा ठेवला. "दात काढला तिथली जागा भरतच नाही, बाई. विस्तव आत गेला की ब्रह्मांड आठवतं."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? पोरगा गावाची तोंडं बरी करतोय. त्याच्या आईचंच तोंड बरं होत नाही म्हटलं, तर त्याच्याकडे कोण येईल?"

एदिल्माने तिला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि आरसा आत घातला. पांढऱ्या, भाजक्या टाळूवर, रिकाम्या दाताच्या जागेपासून आत, कडा वळलेली एक लाल जखम होती. तिने बोटाने मान चाचपली. गाठ लागली नाही. अजून नव्हती. एदिल्माने हे मनात दोनदा म्हटलं आणि तिला एकदम इतकं हायसं वाटलं की स्वतःचाच राग आला.

"काय आहे आईला?" मागे ओलिम्पो उभा होता. उद्याचा पांढरा सदरा घालून बघत होता.

"तुमचा चमत्कार आहे, महाराज. यादिराला कॅन्सर कधीच नव्हता. तो तुकडा हिच्या टाळूचा होता."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने आरसा मागितला, गुडघ्यावर बसला आणि आईच्या तोंडात बघितलं. बराच वेळ बघितलं. उठला तेव्हा त्याचा भोळा आनंद पार पुसला गेला होता, आणि ज्या चेहऱ्याला एदिल्माला दुपारपासून चिमटा काढायचा होता, त्याच्याकडे आता तिला बघवेना.

"मी रोज दिलं होतं तिला," तो म्हणाला. "रोज सकाळी."

"वाचेन का हो मी?" तोमासाने विचारलं.

"वरचा अर्धा जबडा जाईल. बोलणं बोबडं होईल. आत्ता निघालात तर वाचायची बरीच आशा आहे. पुढच्या महिन्यात नाही."

म्हातारीने विचार केला. "मग उद्याच्या लाँचने येते. पण ओलिम्पो, आधी तू पायरीवर उभा राहून सगळं सांगायचं. माझ्यासारख्या आणखी कितीतरी जणी जखमा लपवून येतील उद्या. त्यांना पाणी देऊन परत पाठवलंस तर मी इथेच मरेन, लाँचमध्ये पाय ठेवणार नाही."

ओलिम्पोने मान हलवली. पण हलवली ती होकाराची होती की नकाराची, हे एदिल्माला कळलं नाही.

७

सणाच्या सकाळी चौक फुलून गेला होता. वरच्या गावांतून होड्या आल्या होत्या. बायका गालाला फडकी बांधून उन्हात उभ्या होत्या.

आरोग्य केंद्रात लाकुतूर सुई भरत होता. एदिल्माने त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, ही हकीगत वैद्यक मंडळापुढे जाणार, मग पंचाची खुर्ची सोडाच, दवाखान्याची खुर्चीही राहणार नाही. दुसरी, जायच्या आधी त्याने तोमासाचा तुकडा स्वतःच्या हाताने, नीट काढायचा, म्हणजे शहरातल्या सर्जनला वाट बघायला नको. त्याने तो काढला.

खिडकीतून ओलिम्पोचा आवाज येत होता. तो पायरीवर चढला होता. "पोरीला काही झालंच नव्हतं," तो ओरडून सांगत होता. "माझ्या आईला झालंय. माझं पाणी तिला लागलं नाही. तोंडात भरून न येणारी जखम असेल तर डॉक्टरीणबाईंना दाखवा. पाणी घेऊ नका!"

मग कुणीतरी म्हणालं, "केवढा नम्र माणूस!" आणि गर्दी बाटल्यांच्या पेट्यांवर तुटून पडली.

ओलिम्पो आत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही फाटली होती. "ऐकलंच नाही," तो म्हणाला. "एकही बाटली ठेवली नाही."

"कळपाकडून दुसरी काय अपेक्षा होती तुमची?" एदिल्मा म्हणाली. पण दाराकडे तिचं लक्ष गेलं. धक्क्यावरची ती जाडी, थट्टा करणारी बाई उंबऱ्यात उभी होती. तिच्या मागे गालाला फडकं बांधलेल्या आणखी दोघी. जाडीने पाठीमागे लपवलेला चिरूट पुढे केला आणि ओठांत धरून दाखवला. तिचाही विस्तव आता बाहेर होता.

"बसा," एदिल्मा म्हणाली. "देनिस, या बायकांची तोंडं आरशाने बघायला घे. मी आलेच."

लाकुतूरने तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला, पट्टी चिकटवली, लिहिलं आणि घाईघाईने बाटली बाजूला सारली. तोमासाने तोंडातला कापसाचा बोळा गालात सरकवला.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "काय लिहिलंस ते वाच."

"तुमचं नाव."

"वाच की मग."

त्याने खाली मान घालून वाचलं, "तोमासा एस्कोर्सिया. टाळू."

"ऐकू नाही आलं. दाराशी बायका बसल्यात, त्यांनाही ऐकू दे."

लाकुतूरने एदिल्माकडे बघितलं. एदिल्माने सकाळी विकत घेतलेली काडेपेटी खिशातून काढून तोमासासमोर टेबलावर ठेवली, घड्याळाकडे पाहिलं, आणि लाँचला अजून अवकाश असल्याने खुर्ची ओढून बसली.

त्याने परत वाचलं.